हिवाळ्यात जनावरांना शेतातच वैरण घालणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा आला की जनावरं गोठ्यात बांधायची, शेतातली वैरण गोठ्यात वाहायची आणि गोठ्यातलं शेण पुन्हा शेतात वाहायचं, ही दुहेरी वाहतूक बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. थंडीच्या दिवसांत शेत मोकळं असतं. मग जनावरालाच वैरणीकडे का नेऊ नये, असा प्रश्न पडलेल्यांसाठी ही उत्तरं आहेत. दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगतो. वैरण कुठे टाकायची हे ठरवताना तुम्ही खत कुठे टाकायचं हेही ठरवत असता. आणि किती टाकायची हे गंजीकडे बघून ठरत नाही, जनावराच्या अंगावर हात ठेवल्यावर ठरतं.

शेतात वैरण घालणं म्हणजे नेमकं काय?

याचे तीन-चार प्रकार आहेत. पहिला सगळ्यांच्या ओळखीचा: पीक निघालं की धसकटात आणि पाचोळ्यात जनावरं सोडायची. दुसरा, पावसाळ्याच्या शेवटी एखादा गवताचा तुकडा न चारता, न कापता राखून ठेवायचा आणि थंडीत तो उभाच चारायचा. तिसरा, चाऱ्याचं पीक कापून ओळीनेच शेतात पडू द्यायचं आणि रोज थोडी थोडी ओळ जनावरांना मोकळी करायची. कॅनडासारख्या बर्फाळ मुलखातही अशा ओळी आणि शेतभर मांडलेले गठ्ठे भर हिवाळ्यात चारले जातात. चौथा प्रकार म्हणजे गंज किंवा गठ्ठे घराजवळ ठेवून रोजची वैरण गाडीतून नेऊन शेतात वेगवेगळ्या जागी पसरायची.

यातला कुठलाही एकच प्रकार पूर्ण हिवाळाभर पुरत नाही. आधी धसकट, मग राखलेलं गवत, मग साठवलेली कोरडी वैरण, असा क्रम बहुतेकांना सोयीचा पडतो. साठा जितका उशिरा फोडाल तितकं चांगलं.

याचा खरा फायदा काय? शेण तर गोठ्यातूनही शेतात जातंच.

शेण जातं, मूत्र जात नाही. कळीचा मुद्दा हाच आहे.

जनावर जे नत्र, स्फुरद आणि पालाश (पिकाची मुख्य अन्नद्रव्यं) खातं, त्यातला फार थोडा भाग दुधात आणि मांसात जातो. साधारण 80 ते 90 टक्के शेण-मूत्रातून बाहेर पडतो. स्फुरद बहुतेक शेणात असतं, पण नत्राचा मोठा वाटा आणि पालाशचा बहुतेक भाग मूत्रात असतो. मोठं जनावर दिवसाला 10 ते 15 लिटर मूत्र टाकतं. गोठ्यात ते मोरीतून वाहून जातं, किंवा त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडतं. गोठ्यात शिरताच डोळे चुरचुरतात तो हाच वास. शेतात पडलेलं मूत्र जमिनीत मुरतं आणि थंडीमुळे उडण्याचं प्रमाणही कमी राहतं.

हिशोब करून बघा. 16 टक्के प्रथिनांचं एक टन वाळलेलं लसूणघास म्हणजे जवळपास 23 किलो नत्र. हे तुम्ही एका एकरात खाऊ घातलंत तर यातलं बरंचसं त्याच एकरात राहतं. नापीक, माथ्यावरचा, खत कधीच न पोचलेला तुकडा सुधारायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही. भाडं नाही, मजुरी नाही, जनावर स्वतःच पसरवतं.

कोणतं शेत निवडावं?

सगळ्यात कमकस असेल ते. फक्त तीन अटी बघा: पाणी निचरणारी जमीन हवी, वाऱ्याला काहीतरी आडोसा हवा आणि पिण्याचं पाणी चालत जाण्याइतकं जवळ हवं.

ओढ्या-नाल्याला लागून असलेला आणि उताराचा तुकडा टाळा. गारठलेल्या, घट्ट जमिनीवरचं शेण-मूत्र पहिल्या जोरदार पावसात किंवा बर्फ वितळताना थेट पाण्यात जातं. प्रवाहापासून किमान 30 मीटर तरी लांब राहा, उतार असेल तर त्याहून जास्त. विहिरीच्या बाबतीतही तेच.

किती वैरण लागेल, याचा अंदाज कसा बांधायचा?

जनावर रोज आपल्या वजनाच्या 2 ते 2.5 टक्के कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारी वैरण, खातं. दुभतं जनावर 3 टक्क्यांपर्यंत जातं. वैरण निकृष्ट असेल तर आकडा 2 च्या खाली येतो, कारण निबर वैरण पोटात लवकर सरत नाही आणि पुढचा घास घ्यायला जागाच होत नाही.

समजा 400 किलोची 10 जनावरं आहेत आणि 120 दिवस वैरण घालायची आहे. 2.2 टक्के धरले तर एका जनावराला रोज 8.8 किलो कोरडा अंश लागेल. वाळलेल्या वैरणीतही 10 टक्के ओल असते, म्हणजे प्रत्यक्षात 9.8 किलो. तुडवून वाया जाणारी 15 टक्के धरली की 11.5 किलो. दहा जनावरांची 120 दिवसांची गरज जवळपास 14 टन येते. याच्यावर पंधरा दिवसांचा साठा जास्तीचा ठेवा. हिवाळा लांबला की चाऱ्याला सगळ्यांचीच धावाधाव सुरू होते.

हिरव्या चाऱ्याचा हिशोब करताना फसगत होते. बरसीममध्ये 85 टक्क्यांच्या वर पाणी असतं. 20 किलोचा भारा डोळ्याला भरगच्च दिसतो, पण त्यात कोरडा अंश जेमतेम अडीच-तीन किलो असतो.

जनावराचं वजन काट्याशिवाय कसं काढायचं?

मोजपट्टी घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 10840 ने भागा. घेर 175 आणि लांबी 145 असेल तर वजन सुमारे 410 किलो येतं. जनावर चारही पायांवर सरळ उभं हवं, मान वर-खाली केलेली नको. पोटुशी गाय असेल तर अंदाज थोडा चुकतो, पण वैरणीच्या हिशोबाला चालतो.

थंडीत जनावराला जास्त खायला लागतं का?

लागतं, पण आपल्याला वाटतं त्याहून उशिरा. दाट हिवाळी केस आलेली, अंगाने भरलेली गाय कोरडी असेल तर उणे 7-8 अंश सेल्सिअसपर्यंत जादा खुराकाशिवाय तग धरते. केस मध्यम असतील तर ही मर्यादा 0 अंशाजवळ येते. अंग भिजलं की मात्र ती एकदम 15 अंशांवर चढते. भिजलेले केस अंगाला चिकटतात आणि त्यांच्यात अडकलेली उबदार हवा निघून जाते. म्हणून मी थर्मामीटरपेक्षा पावसाला आणि वाऱ्याला जास्त भितो. आखूड केसांच्या, उष्ण हवेत वाढलेल्या जातींना आणि रोडावलेल्या जनावरांना ही थंडी आणखी लवकर बाधते.

मर्यादेच्या खाली प्रत्येक अंशाला ऊर्जेची गरज ढोबळमानाने 2 टक्क्यांनी वाढते. 5 अंशांच्या थंडीत भिजलेली गाय आपल्या मर्यादेच्या 10 अंश खाली आहे, म्हणजे तिला 20 टक्के जास्त हवं. अशा वेळी भरडा ओतण्यापेक्षा चांगली कोरडी वैरण वाढवा. कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या मोठ्या पहिल्या पोटात) चोथा आंबताना उष्णता तयार होते आणि ती जनावराला आतून ऊब देते. एकाएकी धान्य वाढवलं तर पोट बिघडतं ते वेगळंच.

पहाटे एक गोष्ट बघून ठेवा. पाठीवर पडलेलं दहिवर किंवा बर्फाची भुकटी न वितळता तशीच राहिली असेल तर चिंता नको. केस ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, असा त्याचा अर्थ. पाठ ओली, केस चिकटलेले आणि जनावर कणा वाकवून, चारही पाय जवळ घेऊन उभं असेल तर ते गारठलं आहे.

वैरण सकाळी घालावी की संध्याकाळी?

मोठा वाटा संध्याकाळी. खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी पोटातली उष्णता सर्वांत जास्त असते, म्हणजे ती रात्रीच्या कडाक्यात कामी येते. शिवाय रात्री पोट भरलेलं असलं की जनावर शांत बसून रवंथ करतं.

गाभण गाईंना संध्याकाळी उशिरा वैरण घातली तर दिवसा विणाऱ्या गाईंचं प्रमाण वाढतं, हेही बऱ्याच ठिकाणी दिसून आलं आहे. विण्याच्या महिनाभर आधीपासून ही सवय लावावी लागते. कडाक्याच्या थंडीत वासरू उजेडात जन्माला आलं तर ते वाचण्याची शक्यता किती वाढते, हे ज्याने रात्रीचं अडलेलं बाळंतपण निस्तरलं आहे त्याला सांगायला नको.

नुसता कडबा किंवा भुसा घातला तर भागेल का?

पोट भरेल, अंग भरणार नाही. कोठीपोटातले सूक्ष्मजीव चोथा पचवतात, पण त्यांना जगायलाच वैरणीत सुमारे 7 टक्के प्रथिनं लागतात. गव्हाच्या भुशात ती 3-4 टक्के असतात, ज्वारीच्या कडब्यात थोडी जास्त. प्रथिनं कमी पडली की चोथा पचायचा मंदावतो, पोट गच्च राहतं आणि गंजीसमोर उभं असलेलं जनावर खंगत जातं. मोठं पोट आणि वर आलेल्या फासळ्या असं रूप दिसलं की हीच शंका घ्या. शेणही बोलतं: घट्ट, कोरड्या थरांचा पो पडत असेल तर प्रथिनं कमी आहेत.

उपाय सोपा आहे. रोज किलोभर पेंड, किंवा तीन-चार किलो लसूणघास वाळवून, किंवा थोडा द्विदल हिरवा चारा. रोज जमत नसेल तर तेवढीच पेंड एकाआड एक दिवस दुपटीने दिली तरी मोठ्या जनावराला चालते. हे फक्त पेंडीबद्दल. युरिया घातलेल्या खुराकाला ही सूट नाही.

भुशावर युरियाची प्रक्रियाही करता येते. 100 किलो भुशाला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर देत शिंपडायचा, दाबायचा आणि हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवायचा. थंडीत चार-पाच आठवडे लागतात. उघडल्यावर वास उडून जाईपर्यंत पसरून ठेवा, मगच घाला. यातून प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. मात्र युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, ते जीवघेणं आहे, आणि सहा महिन्यांखालच्या वासरांना ही वैरण अजिबात नको.

पीक निघालेल्या शेतात मोकळं सोडलं तर काय बिघडतं?

सगळं शेत एकदम दिलं की जनावर निवडून खातं. आधी सांडलेलं धान्य आणि राहिलेली कणसं, मग पानं, शेवटी धांडे. पहिल्या आठवड्यात मेजवानी आणि चौथ्या आठवड्यात उपास. मक्याच्या शेतात पहिले दोन-तीन दिवस खास धोक्याचे, कारण एकेक गाय कणसं हुडकत फिरते आणि धान्याने कोठीपोट आंबट होतं. जनावर सुस्त होतं, रवंथ थांबतो, आंबूस वासाची पातळ हगवण लागते. शेतात जास्त धान्य सांडलं असेल तर आधी माणसांनी कणसं वेचून घ्यावीत आणि जनावरं कोरडी वैरण खाऊनच आत सोडावीत.

झटका मशीनची (विजेचा सौम्य झटका देणाऱ्या कुंपणाची) एक तार असली की शेताचे पट्टे पाडता येतात. तीन-चार दिवसांना पुरेल एवढा पट्टा द्या, मग तार पुढे सरकवा. त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही रोज पोटात जातं. आणि अर्धा पाचोळा जमिनीवर राहू द्या. जमिनीलाही पांघरूण लागतं.

ज्वारीच्या फुटव्यावर चारलं तर चालेल का?

नाही. यात दरवर्षी जनावरं दगावतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ज्वारीच्या कोवळ्या, खुरटलेल्या किंवा थंडीने मार खाल्लेल्या पानांत असा घटक असतो, ज्याचं पोटात गेल्यावर हायड्रोसायनिक आम्ल बनतं. किराळ लागली म्हणतात ती हीच. सगळ्यात विषारी असतो तो कापणीनंतर किंवा हलक्या हिमकडाक्यानंतर बुडातून आलेला हिरवागार फुटवा. जनावराला तो सर्वांत आवडतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत धाप लागते, तोंडाला फेस येतो, झोकांड्या जातात आणि डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू लालभडक दिसते. वेळेवर पशुवैद्यक पोचला तर शिरेतून देण्याचं औषध आहे, पण वेळ फार थोडा असतो.

फुटवा गुडघ्याच्या वर, निदान दीड-दोन फूट होईपर्यंत त्या शेतात पाऊल टाकू देऊ नका. हिमाने उभं पीक जळालं असेल तर ते पूर्ण वाळून तपकिरी होईपर्यंत, किमान आठवडाभर थांबा. उन्हात खडखडीत वाळलेल्या कडब्यात हे विष बहुतेक उडून गेलेलं असतं.

नायट्रेटचं तसं नाही. पाण्याच्या ताणाने खुरटलेल्या आणि भरपूर युरिया टाकलेल्या ज्वारी, मका, बाजरी, ओट अशा पिकांच्या धांड्यांत नायट्रेट साठतं आणि वाळवलं तरी तसंच राहतं. ते बुडाकडे सर्वांत जास्त असतं. बाधा झाली की रक्त चॉकलेटी होतं. संशय असेल तर वैरण तपासून घ्या, बुडखा उंच ठेवून कापा आणि दुसऱ्या वैरणीत मिसळून, उपाशी नसलेल्या जनावराला घाला. मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) केला तर प्रमाण बरंच कमी होतं.

बरसीम किंवा लसूणघासात सोडल्यावर पोट फुगतं. काय करावं?

सोडण्याआधी पोटात कोरडी वैरण हवी, आणि पाल्यावरचं दव उतरलेलं हवं. भुकेलं जनावर, कोवळा पाला आणि ओल ही तिन्ही एकत्र आली की फेसाळ वायू कोंडतो. सुरुवातीला अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत न्या.

डावी भकाळी (फासळ्यांमागचा खोलगट भाग) फुगून पाठीच्या रेषेला टेकायला लागली की वाट बघू नका. जनावराला उभं ठेवा, पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा, हळूहळू चालवा आणि पशुवैद्यकाला बोलवा. पाव लिटर खाद्यतेल पाजल्याने फेस मोडतो, पण ते सावकाश, जीभ न ओढता, ठसका लागला की थांबून पाजायचं. श्वासनलिकेत गेलेलं तेल पोटफुगीपेक्षा कमी घातक नसतं.

वैरण तुडवून वाया जाते, त्याचं काय?

थोडी जाऊ द्या. जमिनीवर राहिलेला चोथा कुजून जमिनीतच जातो, आणि थंड, ओल्या जागी तो बसायला अंथरूणही होतो. पण निम्मी वैरण पायाखाली जात असेल तर ते खत फार महाग पडतं.

सगळ्यात परिणामकारक गोष्ट म्हणजे एका वेळी एकाच दिवसापुरती, जास्तीत जास्त दोन दिवसांपुरती वैरण मोकळी करणं. चार दिवसांची एकदम टाकली की जनावरं तिच्यावर बसतात, मुततात आणि मग तोंड लावत नाहीत. गठ्ठ्याभोवती लोखंडी रिंगण ठेवलं तर नासाडी बनावटीनुसार 3 ते 15 टक्क्यांत राहते. मात्र रिंगण रोज-दोन रोजांनी सरकवावं लागतं, नाहीतर सगळं खत एकाच वर्तुळात साचतं आणि तिथे चिखलाचा खड्डा पडतो. कुट्टी (बारीक कापलेली वैरण) उघड्यावर टाकू नका, वारा आणि चिखल दोघंही ती खातात. कुट्टी गव्हाणीतच शोभते.

दांडगी जनावरं दुबळ्यांना खाऊ देत नाहीत.

ढीग घालू नका, लांब ओळ घाला. प्रत्येक जनावराला पाऊण मीटर तरी जागा मिळाली पाहिजे, शिंगाळ असतील तर दुप्पट. ओळ वाकडी, मोडती टाकली की एक गाय दोन टोकं राखू शकत नाही.

वैरण टाकून झाल्यावर लगेच निघून जाऊ नका. दहा मिनिटं बांधावर उभं राहा. शेवटी कोण येतं, कोण ओळीच्या टोकाला एकटं खातं, कोण तोंड लावून मागे सरकतं, हे त्याच वेळी कळतं. आजारी जनावर, लंगडं जनावर, दात गेलेली म्हातारी गाय तिथेच ओळखू येते. त्यांना वेगळं काढा. पहिलारू कालवडी आणि म्हाताऱ्या गाई एकत्र, धडधाकट गाई वेगळ्या, एवढी विभागणी केली तरी अर्ध्या तक्रारी मिटतात.

हिवाळ्यात पाणी कमी लागतं ना?

उन्हाळ्यापेक्षा कमी, पण हिरवं संपून कोरडी वैरण सुरू झाली की गरज पुन्हा वाढते. भाकड मोठ्या जनावराला 30 ते 40 लिटर धरा, दुभत्याला दुधाप्रमाणे बरंच जास्त. पाणी कमी पडलं की पहिल्यांदा खाणं कमी होतं, मग शेण घट्ट होतं आणि दूध उतरतं. खुराक कमी पडला म्हणून दूध कमी झालं असं समजून पेंड वाढवणारे अनेक असतात, दोष मात्र हौदात असतो.

रात्रभर उघड्या हौदात गारठलेलं पाणी जनावर घोटभर पिऊन सोडतं. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी थंडीत कोमट असतं, म्हणून पाजायच्या वेळीच हौद भरा आणि दुपारची पाळी चुकवू नका. जिथे पाणी गोठतं तिथे सकाळ-संध्याकाळ बर्फ फोडावाच लागतो. स्वच्छ, भुसभुशीत बर्फ चाटून भाकड गाई तहान भागवायला शिकतात, पण दुभत्या गाईंना, आजारी जनावरांना आणि घट्ट, कडक झालेल्या बर्फावर कुणालाच त्याच्या भरवशावर ठेवू नये.

मीठ आणि क्षार मिश्रण द्यावं का?

द्यावं. मोठ्या जनावराला रोज 30 ते 50 ग्रॅम मीठ आणि 50 ग्रॅमच्या आसपास क्षार मिश्रण पुरतं. चाटण वीट वैरणीपासून लांब, शेताच्या ज्या कोपऱ्यात जनावरं जात नाहीत तिथे ठेवा, म्हणजे तिकडेही शेण पडतं.

हिरवं बंद होऊन दोन-तीन महिने झाले की अ जीवनसत्त्वाचा साठाही आटतो. वर्षभर जुनी, पांढरी पडलेली वैरण असेल तर आणखी लवकर. गाभण गाईंना थोडा हिरवा पाला मिळत राहील असं बघा, नाहीतर पशुवैद्यकाला विचारून पूरक द्या.

आडोसा किती लागतो? छप्पर हवंच का?

कोरड्या थंडीत मोठ्या जनावराला छप्पर नसलं तरी चालतं, वारा अडवणं महत्त्वाचं. झाडांची रांग, झुडपांचा बांध किंवा गठ्ठ्यांची भिंत यांपैकी काहीही चालेल. भरीव भिंतीपेक्षा चौथा-पाचवा हिस्सा फटी असलेली आडभिंत चांगली; भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरा करतो. अशी भिंत आपल्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत आसरा देते.

बसायला कोरडी जागा हवी. ओल्या जमिनीवर रात्र काढणारं जनावर खाल्लेलं सगळं ऊब राखण्यात घालवतं. खराब भुसा, पाचोळा, काहीही पसरा. दुभत्या जनावराची कास ओल्यात टेकू देऊ नका. लहान वासरं, नुकत्या व्यायलेल्या गाई आणि आजारी जनावरं यांना मात्र छप्पर हवंच, यात तडजोड नको.

वैरण पुरते आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

डोळ्यांनी नाही, हाताने. हिवाळी केस फसवतात. झुबकेदार केसांखाली फासळ्या लपतात आणि जनावर महिनाभर झडत असलं तरी कळत नाही. दर तीन आठवड्यांनी प्रत्येक जनावराच्या शेवटच्या फासळ्यांवर तळहात सपाट ठेवा. थोडं दाबल्यावर फासळ्या लागल्या तर ठीक. हात ठेवताच कडा टोचल्या तर जनावर उतरलं आहे. दाबूनही लागत नसतील तर वैरण जास्त होते आहे. मग शेपटीच्या मुळाशी आणि कंबरेच्या आडव्या हाडांवर तसंच बघा.

जनावर अंगाने किती भरलं आहे हे 1 (हाडं वर आलेली) ते 5 (अति लठ्ठ) अशा गुणांत मोजलं तर विताना गाय 3 च्या आसपास, थोडी वर असावी. उतरलेली गाय उशिरा माजावर येते आणि चीक कमी देते. हे भरून काढायचं तर हिवाळ्याच्या सुरुवातीला, शेवटी नाही. भर थंडीत, पोटात वाढतं वासरू असताना गाईच्या अंगाला मांस लावणं फार अवघड आणि खर्चिक जातं.

गाभण गाईंसाठी वेगळं काय?

वासराच्या जन्मवजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरतो. त्याच वेळी गर्भाशय पोटातली जागा व्यापतं, म्हणजे गरज वाढते आणि खायला जागा कमी. म्हणून वजनाने जास्त नाही, दर्जाने चांगली वैरण द्या. साठ्यातला सर्वांत चांगला, पानाळ, हिरवट वास असलेला हिस्सा या काळासाठी बाजूला काढून ठेवा. जाडाभरडा चोथा आधी, भाकड गाईंवर संपवा. कालवडी अजून स्वतः वाढत असतात, त्यांना या चांगल्यातलाही चांगला वाटा.

बुरशी आलेली वैरण, दोऱ्या, तारा यांची किती काळजी घ्यावी?

पूर्ण. बुरशीची वैरण दुभत्या आणि गाभण जनावरांना घालूच नका; काही बुरशींचं विष दुधातही उतरतं. गठ्ठ्याच्या प्लॅस्टिक दोऱ्या शेतात टाकण्याआधी कापून, मोजून खिशात घाला. गिळलेली दोरी कोठीपोटात गुंता होऊन बसते. तारेचा तुकडा त्याहून वाईट: तो कोठीपोटाच्या पुढच्या पोटात जाऊन पडतो, आणि तिथून हृदय हातभरही लांब नसतं.

जनावरं तुडवून जमीन घट्ट होणार नाही का?

कोरड्या किंवा गोठलेल्या जमिनीवर नाही. ओल्या काळ्या जमिनीवर नक्की होते. पाऊस झाला की दोन-चार दिवस जनावरं हटवण्यासाठी एक मुरमाड, उंच तुकडा आधीच ठरवून ठेवा. खूर घोट्यापर्यंत रुतायला लागले की त्या शेतातून बाहेर काढायची वेळ झाली.

वैरणीतून तणाचं बी शेतात येतं का?

येतं. बरीच बियाणी पोटातून जिवंत बाहेर पडतात. बाहेरून आणलेली, तणाने भरलेली वैरण असेल तर ती एकाच तुकड्यात घाला आणि पुढच्या हंगामात त्यावर नजर ठेवा.

हिवाळा संपल्यावर त्या शेताचं काय करायचं?

जिथे गठ्ठे होते तिथे चोथ्याचा जाड थर राहतो. पेरणीचं शेत असेल तर तो फणाने किंवा कुळवाने विस्कटा. गवताचं असेल तर उन्हं तापली की दाताळ्याने फोडून पसरा. बोटभर जाडीच्या थरातून गवत वर येतं, वीतभर थराखाली ते मरतं. पहिल्या पावसानंतर शेतात गडद हिरवे ठिपके दिसतील, ते मूत्राचे. ठिपके विरळ असतील तर पुढच्या हिवाळ्यात ओळी जवळ घ्या, एकमेकांत मिसळले असतील तर लांब. आणि त्या शेताला नेहमीचा युरिया टाकण्याआधी मातीचा नमुना काढा. बहुधा निम्म्याहून कमी लागतो, आणि गवतावर तर पहिल्या वर्षी कधी कधी काहीच टाकावं लागत नाही.